पेटीचं साल

माझ्या पोटच्या पोरीचं पहिलं कीर्तन राणीसावरगावात दहा वाजता उभं राहणार होतं, आणि मी सव्वानऊला वालूरच्या घरात एका कॉम्प्युटरला शिव्या घालत बसले होते.

शिव्या म्हणजे खऱ्या नाहीत. माळकरी घर आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. 'मेल्या', 'मुडद्या' इथपर्यंतच. मनातल्या मोजल्या असत्या तर मात्र माळेचे मणी कमी पडले असते.

भक्ती माझी एकुलती एक. बावीस वर्षांची. तिला चाली शिकवल्या माझ्या सासूनं, दगडाबाईंनी. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना सहीपुरतं लिहिता येतं, पण शे-दीडशे अभंग तोंडपाठ, आणि एकेकाच्या दोन-दोन चाली. त्यांच्या तरुणपणी इकडं बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहायची सोय नव्हती. मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून त्यांनी हे सगळं कानांनी गोळा केलं आणि नातीच्या गळ्यात ओतलं. "तू उभी ऱ्हाशील तवा मी म्होरं बसंन," असा शब्द त्यांनी भक्तीला दिला होता. भाद्रपदात न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, आणि तो शब्द त्यांच्याबरोबर खाटेवर पडून राहिला.

मग घरात ठरलं की आत्याबाईंजवळ कुणीतरी थांबायला पाहिजे. आमच्या घरात 'कुणीतरी' हे माझंच नाव आहे.

"अगं, लाईव्ह दिसणार हाय की," आमचे हे म्हणाले. यांचं नाव बन्सीधर. बासरी मात्र लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मला कधी ऐकू आलेली नाही. "घरबसल्या दर्शन! गर्दी न्हाई, धक्के न्हाईत." आणि नवा फेटा पिशवीत घालून पाडव्याच्या दुपारीच लेकीला घेऊन निघाले. घरातले दोन्ही चांगले फोन सोबत नेले. एक लाईव्ह दाखवायला, दुसरा तो बंद पडला तर लागेल म्हणून. मला राहिला बटणांचा फोन आणि हा कॉम्प्युटर.

तसाही आत्याबाईंना फोनचा उपयोग नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक काही दिसत नाही, आणि कान तर गेलेलेच. भक्तीनं आणलेला तो मोठा हेडफोन कानांवर चढवला की तेवढंच त्यांना ऐकू येतं, आणि त्याची वायर या कॉम्प्युटरलाच बसते.

कॉम्प्युटर जुना. विंडोज त्याला झेपेना म्हणून भक्तीनं त्यावर लिनक्स टाकलं होतं. आत्याबाई त्याला पेटी म्हणतात. मी एकदा सांगितलं, "आत्याबाई, पेटी म्हंजी हार्मोनियम. ह्यो कॉम्प्युटर हाय." तर म्हणाल्या, "कीर्तन वाजतंय ना त्येच्यातून? मग पेटीच." पाडव्याला त्यांच्या सांगण्यावरून मी या पेटीची साग्रसंगीत पूजा केली होती. कुंकवाचं बोट अजून पडद्याच्या काठावर होतं. आणि पूजा करून घेऊन मेला असा उलटला होता!

भक्तीनं जाताना वहीत एक पान लिहून ठेवलं होतं. वर मथळा: 'आई, नेट बंद पडलं तर'. खाली चार कलमं.

पहिलं, राउटरचे दिवे बघ. लाल असेल तर सिद्धोधनदादाला फोन कर. मी बघितलं. एकूण एक दिवा हिरवा, लख्ख.

दुसरं, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वायफायच्या कमानी दिसतात का बघ. दिसत होत्या. देवळाच्या कमानींसारख्या एकावर एक, नीट.

तिसरं, काळी खिडकी उघड आणि खाली लिहिलंय ते जसंच्या तसं टाईप कर. 'याला पिंग म्हणतात, आई. म्हणजे आपण राम कृष्ण हरी म्हणायचं आणि पलीकडून राम कृष्ण हरी आलं की समजायचं, वाट मोकळी आहे.' मी चष्मा लावून एकेक अक्षर हुडकून टाईप केलं. पलीकडून भराभर उत्तरं यायला लागली. एक ओळ, दोन ओळी, दहा ओळी. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी!

वाट मोकळी होती. मग पान का उघडत नव्हतं?

कीर्तनाच्या दुव्यावर दाबलं की गोल गोल फिरायचं, आणि मग एक पिवळा त्रिकोण आणि त्याखाली इंग्रजीचं हे एवढं मोठं पुराण. मी फुली दाबायची. परत दाबलं, परत त्रिकोण. फुली. त्रिकोण. फुली. बारा-पंधरा वेळा तरी झालं असेल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्रिकोण.

चौथं कलम असं होतं: 'तरीही नाही झालं तर रागावू नकोस.'

"काय झालं गं?" खाटेवरून आत्याबाई. हेडफोन त्यांनी आठ वाजताच चढवून ठेवला होता, कपाळाला बुक्का लावून, नवं लुगडं नेसून. पाय हलत नव्हता म्हणून लुगडं नुसतं अंगाभोवती गुंडाळून घेतलं होतं. "लागली का पेटी?"

मी हातानं खूण केली, थांबा.

"थांबलेच की. कुठं पळून चालले मी?"

इंटरनेट कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. नऊ मिनिटं सनई ऐकली. मग एक पोरगी आली, साखरेच्या पाकातून काढल्यासारखी.

"मॅडम, आपल्याकडे विंडोज कोणती आहे?"

"विंडोज नाही. लिनक्स आहे."

"सॉरी मॅडम, लिनक्सला आमच्याकडून सपोर्ट नाहीये. आपण विंडोज टाकून परत कॉल करू शकता."

"बाई, दहा वाजता माझ्या लेकीचं कीर्तन आहे. तोवर मी विंडोज टाकू का दारं बसवू?"

"मी आपली आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

आणखी! म्हणजे आधी काही केली होती! फोन मी असा आपटला की त्याचं झाकण एकीकडं आणि बॅटरी दुसरीकडं. मग गुडघ्यावर बसून खाटेखालून बॅटरी काढली, कारण आता सिद्धोधनला फोन लावायचा होता.

सिद्धोधन म्हणजे गावात घरोघरी इंटरनेटची वायर ओढणारा. सरजाबाईचा धाकटा. दोन गल्ल्या पलीकडं खांबावर होता, दहा मिनिटांत आला. चपला बाहेर काढल्या, राउटरकडं बघितलं, खिशातला फोन काढून त्याला वायफाय जोडलं आणि माझ्यापुढं धरला.

"हे बघा काकू. नेट बुंगाट चालू हाय."

"मग माझ्या घरात का न्हाई?"

"तुमच्याच घरातलं हाय की हे. लाईनीत खोट न्हाई. तुमच्या कॉम्प्युटरात काय तरी हाय. अन् लिनक्सचं मला जास्त म्हाईत न्हाई."

पावणेदहा वाजले होते. तिकडं मंडपात भक्तीच्या गळ्यात हार पडायची वेळ झाली असणार. पहिल्या रांगेत फेटा बांधून कोण बसलं असेल ते मला इथून दिसत होतं, त्याला इंटरनेट लागत नव्हतं.

"मग तुला म्हाईत तरी काय हाय?" मी म्हटलं. "खांबावर चढायचं?"

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण राग उतरणीवरच्या गाडीसारखा असतो, आपल्याला वाटतं आपण हाकतोय.

"आज काय हाय ते तरी कळतंय का तुला? माझ्या लेकीचं पयलं कीर्तन हाय! कीर्तनातलं तुला काय कळायचं?"

सिद्धोधननं हातातला पेचकस पिशवीत ठेवला. सावकाश. पिशवीची चेन लावली.

"मागच्या सप्त्यात माईक, स्पीकर सगळं मीच जोडलं व्हतं, काकू. सात दिवस मशिनीपाशी बसून ऐकलं. पाचव्या दिवशी महाराज म्हणले, बोलणाऱ्याला गळा लागतो, पण ऐकणाऱ्याला धीर लागतो. तुमी पयल्या रांगेत व्हत्या. लय माना डोलवल्या."

आणि तो दाराकडं निघाला.

"ए बाबा! चहा न घेता कुठं चालला?" आत्याबाई खाटेवरून ओरडल्या. ऐकू काहीच गेलं नव्हतं, पण पंचवीस वर्षांत त्यांना माझा चेहरा वाचायची सवय झाली आहे. लगेच माझ्याकडं वळल्या. "राजे, काय बोललीस त्येला? तोंड बघ तुझं, तव्यावानी झालंय. सरजाबाईचं लेकरू हाय ते. तिनं अन् मी एका वावरात खुरपलंय, एका फडक्यातली भाकर खाल्लीय. बस रे बाबा. बस तू. तिच्या तोंडाकडं बघू नको."

सिद्धोधन दारातच उभा राहिला. मग परत आला. माझ्यासाठी नाही, हे मला चांगलं कळत होतं. आत्याबाईंच्या कानांवरच्या त्या हेडफोनकडं बघून आला.

"पडद्यावर पाटी कसली येती?"

"पिवळा त्रिकोण. अन् काय तरी इंग्रजी."

"वाचलं का काय लिवलंय?"

"वाचायला सवड कुणाला हाय!"

"परत आणा ती. अन् फुलीला हात लावू नका."

पाटी आली. तो खुर्चीत बसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. हळू. ओठ हलवत. मी मागं उभी. माझे हात शिवशिवत होते, माऊस हिसकावून घ्यावा असं वाटत होतं. बरोबर दहा वाजले. भिंतीवरच्या घड्याळात आणि मेल्याच्या पडद्यावरही दहाच.

"मुदत संपली म्हणतंय," सिद्धोधन म्हणाला.

"कशाची? माझी?"

"वेबसाइटच्या ओळखपत्राची. कसं असतं काकू, एसटीचा पास असतो ना, तसा परत्येक साइटकडं एक पास असतो. त्येच्यावर तारीख असती. आपला कॉम्प्युटर म्हंजी कंडक्टर. तारीख उलटलेली दिसली की गाडीत घेत न्हाई." त्यानं दुसरी साइट उघडली. त्रिकोण. तिसरी उघडली, बातम्यांची. त्रिकोण. "सगळ्यांचीच मुदत संपली म्हणतंय. सगळ्या गाडीचे पास एकाच दिवशी कसे संपतील? पास खरे असतील. कंडक्टरचंच कॅलेंडर चुकलं असंल."

"वेळ तर बरोबर हाय. दहा वाजून चार."

"वेळ बरोबर हाय." तो पडद्याच्या वरच्या पट्टीकडं बघत होता. भक्तीनं तिथं सगळं मराठीत करून दिलं आहे. "आज शनवार हाय का, काकू?"

"शुक्रवार! शनवार असता तर आत्याबाईंनी आत्ता भाकर खाल्ली असती का? मारुतीचा उपास असतो त्यांचा."

"मग हितं शनवार का हाय?"

त्यानं त्या पट्टीवर दाबलं. कॅलेंडर उघडलं. तो पुढं वाकला, मागं सरकला, परत पुढं वाकला.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या घरात दोन हजार ब्याऐंशी साल चालू हाय."

"काय?"

"२०८२. समदं जग २०२५ मधी हाय अन् तुमी सत्तावन्न वर्षं म्होरं निघून गेलात. मग पास संपणारच की. त्या सालात मीबी रिटायर झालेला असंन."

"कुणी केलं हे?" मी ओरडले. "यांनीच केलं असणार! जाताना काय तरी दाबून गेले असतील. कुठं हात घालायची गरज असती का या माणसाला? न्हाई तर तो लाईट जातो सारखा, त्यानं..."

आणि तिथं माझा आवाज विहिरीत सुटलेल्या बादलीसारखा खाली गेला.

पाडव्याची सकाळ. यांची जायची गडबड. मी पेटीला कुंकू लावलं, फूल ठेवलं, साखरेचा नैवेद्य दाखवला. आत्याबाईंना मी खाटेपाशी पंचांग वाचून दाखवत होते. त्यांचं माहेर जिंतूरचं, अडतीचं घर. तिथं दिवाळीच्या पाडव्याला नवं साल धरतात. "अगं, नवं साल लागलं आज. त्या पेटीचंबी साल बदल की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खरंच की. नव्या वर्षात जुनं साल कशाला ठेवायचं? तारखेच्या जागी गेले. 'आपोआप' असं काहीतरी लिहिलं होतं ते बंद केलं. पासवर्ड मागितला, तो दिला. आधी पंचांगात बघून शके १९४७ टाकलं, तर मेला घेईना. मग संवत टाकलं, २०८२. लगेच घेतलं. मला केवढा आनंद झाला होता! यंत्रालासुद्धा आपलं साल कळतं म्हणून मी हात जोडले होते.

"मीच केलं," मी म्हटलं.

सिद्धोधननं नुसता माऊस हातात घेतला. हसला असता तर मी सहन केलं असतं.

"काय म्हणतोय त्यो?" आत्याबाई. मी हेडफोनचा एक कान उचलून ओरडले, "पेटीचं साल चुकलंय! आपण संवत टाकलं ना, त्यानं बंद पडली!"

"चुकंल कसं? पंचांगात बघून टाकलंय. संवत बराबर हाय."

"पेटीला इंग्रजी साल लागतं, आत्याबाई!"

"मग पूजा कशाला करून घेतली तिनं?" आत्याबाई म्हणाल्या, आणि हेडफोन परत नीट बसवला.

सिद्धोधननं ते 'आपोआप' परत चालू केलं. पासवर्ड मी टाकला. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बसला, आणि एक क्षण गेला नाही तोच २०८२ चं २०२५ झालं, शनिवारचा शुक्रवार झाला. कीर्तनाच्या दुव्यावर दाबलं. गोल फिरलं.

आणि समोर भक्ती.

मंडप, मागं टाळकऱ्यांची रांग, मृदंग, आणि मधोमध माझी पोर. गळ्यात हार, हातात टाळ, मान किंचित उजवीकडं कललेली. चाल उचलताना आत्याबाईंची मान अशीच कलते. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. नमन झालेलं, अभंग गाऊन झालेला, पहिलं चरण संपत आलेलं. लेकीनं पहिल्यांदा हात जोडले ते मी बघितलं नाही. लाईव्ह साठवायचं यांना जमत नाही, म्हणून ते आता कुठल्याही सालात दिसणार नाही. पुढच्या रांगेत नवा फेटा होता.

सिद्धोधनला तेवढ्यात दुसरीकडून फोन आला. मी त्याच्या पिशवीत चकल्यांचा डबा कोंबला.

"सिद्धोधन, ते खांबाचं बोलले मी..."

"चढतोच की खांबावर, काकू," तो म्हणाला. "त्येच्यात खोटं काय हाय?"

हे तो हसून म्हणाला. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. ते वाक्य अजून मला टोचतं, कुसळासारखं.

तो गेल्यावर मी खाटेशेजारी बसले, आणि तेव्हा कळलं की मला काहीच ऐकू येत नाहीये. आवाज सगळा हेडफोनमध्ये. वायर उपसली की पडद्यामागच्या भोंग्यातून आवाज येतो, मग मला ऐकू आलं असतं आणि आत्याबाईंना नाही. माझा हात वायरीपर्यंत गेला होता. खोटं कशाला सांगू? नऊ महिने मी वागवलेली, रात्री उठून औषध पाजलेली, माझी पोर गात होती, आणि मी तिचे नुसते ओठ हललेले बघायचे?

तेवढ्यात आत्याबाईंनी टाळी धरली. डोळे मिटलेले. आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तशा, भिंतीला हादरे बसतील एवढ्या मोठ्यानं त्यांनी ध्रुपद धरलं. पोरीच्या मागोमाग, टाळकऱ्यासारखं. ओळ न् ओळ.

मी वायर सोडली.

"हां! उचललीस बघ!" आत्याबाई मध्येच ओरडायच्या. "आता खाली ये. हळू. हळू गं... न्हाई आली. लय घाई हिला, आईवर गेली." मग परत गायच्या. मग सांगायच्या, "दृष्टांत द्यायलीय. आंधळ्या म्हातारीचा. माझ्याकडूनच ऐकलाय अन् मलाच सांगायलीय, भवानी." आणि फाटक्या आवाजात म्हातारीचा दृष्टांत मला परत सांगायच्या, त्यांच्या पद्धतीनं, भक्तीनं गाळलेलं सगळं परत भरून. लोक हसलेले मला पडद्यावर दिसायचे आणि कशाला हसले ते दोन मिनिटांनी कळायचं. असं कीर्तन मी जन्मात ऐकलं नव्हतं. राग गेला म्हणणार नाही. तो तिथंच होता, पण टाळी वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

बारा वाजता 'विठ्ठल विठ्ठल' झालं, आरती झाली, पडदा काळा झाला. आत्याबाईंनी हेडफोन काढून पोटावर ठेवला.

"समोर बसले का न्हाई मी?" त्यांनी विचारलं.

"बसलात."

मी वही काढली आणि भक्तीच्या चार कलमांखाली पाचवं लिहिलं: 'आधी साल बघ.' मग चौथ्याकडं बघत बसले. तेवढ्यात बटणांचा फोन वाजला. आमचे हे. मागं पंगतीचा गलका.

"बघितलंस का? कशी उभी राहिली पोरगी! लोक पाया पडायलेत तिच्या. दिसलं ना सगळं?"

"अर्धं दिसलं. ऐकू काहीच आलं न्हाई."

"आँ? का गं? काय झालं?"

"तिचं म्होरलं कीर्तन कुठं हाय?"

"जिंतूरला म्हणायलेत. तुळशीच्या लग्नानंतर. का?"

"त्या दिवशी आत्याबाईंपाशी तुमी थांबायचं. फेटा धुऊन ठेवा, मी बांधून जाणार हाय."

"अगं पण मी तिथं बापाच्या नात्यानं..."

"लाईव्ह दिसतंय की," मी म्हटलं. "घरबसल्या दर्शन. गर्दी न्हाई, धक्के न्हाईत. काय अडलं तर वहीत लिवून ठेवलंय सगळं."

आणि फोन ठेवला. या वेळी आपटला नाही.